पूर्वाश्रमीचं नाव

बरीच वर्षं घरी बसलेल्या बायकांना पुन्हा कामावर घ्यायची योजना एका कंपनीने काढली होती. जाहिरातीत एका हसऱ्या बाईच्या कडेवर बाळ आणि मांडीवर लॅपटॉप होता. ही दोन्ही एकाच वेळी कशी सांभाळतात ते मला अजून कळलेलं नाही. माझी मुलगी तेव्हा दहावी झाली होती आणि माझ्यापेक्षा उंच होती. तरी मी अर्ज केला, कारण खाली लिहिलं होतं की कॉम्प्युटरची जावा भाषा येणाऱ्यांना प्राधान्य, आणि जावा मला येत होती. निदान एके काळी येत होती.

अट अशी होती की सहा महिने काम बघायचं, पटलं तर कायम करायचं, नाही तर आभार मानायचे. मला कायम व्हायचं होतं. किती व्हायचं होतं हे मी घरात बोलले नाही, कारण आमच्या घरात सगळे फार समजूतदार आहेत. नवरा म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस, जमलं तर जमलं." सासूबाई म्हणाल्या, "नाहीच जमलं तर घर आहे की आपलं." दोन्ही वाक्यं प्रेमाने बोललेली होती आणि दोन्ही माझ्या डोक्यात गेली. माझ्या कामावाचून कोणाचं काही अडत नाही हे मी इतकी वर्षं ऐकत होते. आता कोणाचं तरी अडावं असं मला वाटत होतं.

तर रोज सकाळी वर्तकनगरातून रिक्षा करून माजिवड्याच्या ऑफिसात जायला लागले. मी सोडून गेले तेव्हाची जावा आणि परत आले तेव्हाची जावा यांत बराच फरक पडला होता. माहेरी बऱ्याच दिवसांनी जावं आणि वहिनीने सगळे डबे हलवून ठेवलेले असावेत, तसं व्हायचं. डाळ तीच, तांदूळ तेच, पण हात भलत्याच फळीवर जायचा. जे लिहायला मला पानभर लागायचं ते तिथली मुलं दोन ओळींत उरकायची आणि वर विचारायची, "मॅम, तुम्ही एवढं का लिहिलंत?" म्हणून मी सकाळी पोळ्या लाटता लाटता मोबाइलवर जावाचे नवे धडे ऐकायचे. सासूबाई आत येऊन म्हणायच्या, "मला आयुष्यात एकच जाऊ, तिनेच पुरेवाट केली. तू सकाळपासून एवढ्या जावा घेऊन काय बसतेस?" पहिल्यांदा मी मनापासून हसले. नंतर त्यांनी तो विनोद घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला.

आमच्या टीमचा लीड माझ्यापेक्षा बराच लहान होता. कळव्यात वाढलेला, हुशार, सतत घाईत. मीटिंगमध्ये मला मॅम म्हणायचा आणि खाली टपरीवर चहाला गेलो की ताई. सहा महिन्यांनी माझा रिपोर्ट त्यानेच लिहायचा होता, त्यामुळे मी दोन्ही हाकांना ओ द्यायचे.

काम होतं एका हॉस्पिटलवाल्यांचं. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण अशी तीन ठिकाणी त्यांची हॉस्पिटलं होती. प्रत्येक ठिकाणचे कॉम्प्युटर वेगळे, आणि पेशंटची नोंद ठेवायची तऱ्हाही वेगळी. जावाचं मोठेपण हे की एकदा लिहिलेला प्रोग्राम कुठल्याही यंत्रावर चालतो, म्हणून आम्ही तिन्हीकडे चालेल असा एकच प्रोग्राम करत होतो. जावात आधी साचा करायचा असतो, मोदकाचा असतो तसा, आणि मग त्यातून हवे तेवढे मोदक काढायचे. आमचा साचा पेशंटचा होता. नाव, जन्मतारीख, मोबाइल, रक्तगट भरला की झाला पेशंट तयार. तिन्हीकडचे जुने पेशंट या साच्यातून काढायचे होते. कोणी दोन ठिकाणी गेलेलं असेल तर ते एकच माणूस आहे हे प्रोग्रामला ओळखता यायला हवं होतं, आणि तो ओळखण्याचा भाग माझ्याकडे आला.

ओळखायचं कशावरून, याचा नियम मी येण्याआधीच ठरला होता. पूर्ण नाव आणि मोबाइल जुळला की माणूस तोच. हॉस्पिटलवाल्यांनी त्याला मान डोलावली होती. चाचणी घेतली तेव्हा पुरुष फटाफट जुळले आणि बायका जुळेनात. मुलं म्हणाली, कल्याणवाल्यांनी डेटाच वाईट भरलाय. मी न जुळलेल्या नोंदी वरपासून खालपर्यंत बघितल्या आणि मला हसू यायला लागलं. त्यात विशी-तिशीच्या बायका जास्त होत्या. त्यांची लग्नं झाली होती.

एवढी साधी गोष्ट त्या खोलीत कोणाला सुचली नव्हती, कारण नाव बदललेलं माणूस तिथे मी एकटीच होते. टीममध्ये दोन मुली होत्या, पण एकीचं लग्न व्हायचं होतं आणि दुसरीने लग्नानंतर नाव तसंच ठेवलं होतं. बाकी जग कसं चालतं ते मी मीटिंगमध्ये समजावून सांगितलं. मुलगी डोंबिवलीत वडिलांच्या नावाने आणि वडिलांच्या मोबाइल नंबरवर नोंदलेली असते. लग्न होऊन कल्याणला जाते. तिथे नाव नवऱ्याचं, आडनाव नवऱ्याचं, मोबाइलही नवऱ्याचा. काही घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, म्हणजे तिचं स्वतःचं नावही गेलं. मग राहिली जन्मतारीख आणि रक्तगट. "लग्नानंतर बाईचं कागदावर तेवढंच शिल्लक राहतं," असं मी बोलून गेले आणि लीड पहिल्यांदाच लॅपटॉप मिटून माझ्याकडे बघायला लागला.

मी सुचवलं ते असं. प्रोग्रामने स्वतः निकाल द्यायचा नाही. जन्मतारीख आणि रक्तगट जुळला की काउंटरच्या पडद्यावर एक पिवळी चौकट उघडायची आणि त्यात ज्या नावांची शंका आहे ती नावं दाखवायची. काउंटरवरची व्यक्ती विचारेल, पेशंट हो किंवा नाही म्हणेल. हो म्हणाली की जुनी नोंद नवीला जोडून टाकायची. चौकटीला मी मथळा दिला होता 'पूर्वाश्रमीचं नाव'. लीड म्हणाला, "मॅम, त्या काही संन्यास घेऊन आलेल्या नाहीत. 'आधीचं नाव' ठेवा." ठेवलं.

त्या दिवशी टपरीवर त्याने मला चहा पाजला. "ताई, हे फीचर चाललं ना, तर तुमचं काम झालंच समजा." घरी जाताना रिक्षात मी गाणं गुणगुणत होते. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं, तरी थांबले नाही.

प्रोग्राम आधी आठवडाभर कल्याणला लावून बघायचं ठरलं, आणि आठवड्याच्या शेवटी मी स्वतः तिथे गेले. काउंटरच्या आत, नोंदणी करणाऱ्या बाईंच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. बाई कामाला वाघ होत्या. बोटं कीबोर्डवर, तोंड पेशंटशी, आणि अधूनमधून मला वडी काढून द्यायच्या.

त्या काउंटरला दोन पडदे होते. एक आतल्या बाजूला, एक पेशंटकडे तोंड करून. नावाचं स्पेलिंग चुकलं की विम्याचे कागद परत येतात, म्हणून पेशंटने आपलं नाव पडद्यावर बघून हो म्हणायचं अशी तिथली पद्धत होती. कोणाला वाचता येत नसेल, कोणी चष्मा विसरलेलं असेल, म्हणून बाई प्रत्येक नाव मोठ्याने वाचायच्या. पद्धत चांगलीच होती. आमच्या ऑफिसात ती कोणाला माहीत नव्हती.

सकाळभर माझी पिवळी चौकट उघडत होती आणि लोक खूश होत होते. एक जण म्हणाली, "अय्या, हे माझंच. पप्पांचा नंबरपण आहे बघ." तिचे डोंबिवलीचे जुने रिपोर्ट समोर आले आणि पुन्हा तपासण्या करायच्या वाचल्या. मला तर वाटत होतं की आजच मला कायम करून टाकावं.

दुपारी तिशीतली एक बाई सासूबरोबर आली. दिवस गेले होते, नाव नोंदवायचं होतं. "पहिलीच खेप आहे," सासूने काउंटरला आणि रांगेला मिळून सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी जन्मतारीख घातली, रक्तगट घातला आणि चौकट उघडली. चौकटीत दोन नावं होती. दोन्हींत तिचं स्वतःचं नाव तेच. एकात पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. दुसऱ्यात पुढे तिसऱ्याच एका पुरुषाचं नाव आणि त्याचं आडनाव. तिचं आधी एक लग्न झालेलं होतं.

मला ते कळलं आणि मी तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. सासू पर्समध्ये चष्मा शोधत होती.

बाईंनी सवयीप्रमाणे मोठ्याने पहिलं नाव वाचलं. "हो, हो, हे माहेरचं हिच्या," सासू म्हणाली. "आणखी एक दिसतंय," बाई म्हणाल्या आणि दुसरं वाचायला लागणार, तेवढ्यात मी त्यांच्या पुढ्यातून हात घालून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. दोन्ही पडदे काळे झाले.

"सर्व्हर गेला," मी म्हणाले.

माझा आवाज असा निघाला की माझाच त्यावर विश्वास बसला नसता. पण सर्व्हर गेला म्हटल्यावर आपल्याकडे कोणी पुढे विचारत नाही. बाई कुरकुरल्या, "परत? सकाळपासून तर बरा चाललेला," आणि त्यांनी कागद ओढून हाताने नोंद घेतली. सासूला चष्मा सापडला होता. "काय होतं ते दुसरं?" तिने विचारलं. "काही नाही मावशी, चुकून भलत्याच कोणाचं आलेलं," मी म्हणाले.

थोड्या वेळाने ती एकटी परत आली. पाण्याची बाटली राहिली असं सासूला सांगून आली होती, पण बाटली तिच्या हातातच होती. काउंटरवरच्या बाई जेवायला उठल्या होत्या.

"तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

मी मान डोलावली.

"ते नाव काढून टाका ना, ताई. ह्यांना माहितीये सगळं. डॉक्टरांना पण मी सांगितलंय. आईंना माहीत नाही. ह्यांनीच सांगितलेलं, नको सांगूस म्हणून. कळलं तर त्या मला घरात ठेवणार नाहीत."

"काढता नाही येणार," मी म्हणाले. "उद्या डॉक्टरांना जुने कागद लागतील. पण इथे काउंटरवर ते परत दिसणार नाही."

"पुढच्या वेळी आले तरी?"

"तरी."

"तुमच्या हातात आहे ते?"

मी हो म्हणाले. तेव्हा ते माझ्या हातात नव्हतं. बाईंनी जेवून आल्यावर ती नोंद कॉम्प्युटरवर चढवायला घेतली, तेव्हा मी म्हणाले, ही मीच करते, आणि दुसऱ्या पडद्याची वायर आधी काढली. परत येताना गाडीतून लीडला फोन केला की ती चौकट बंद करायला हवी. तो म्हणाला, "ताई, काय बोलताय? तेच तर आपलं सगळ्यात भारी फीचर आहे. सोमवारी तेच दाखवायचंय."

सोमवारी हॉस्पिटलची सगळी मंडळी आमच्या ऑफिसात आली. त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट जायचा होता. कल्याणच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक गप्पिष्ट आणि दिलखुलास गृहस्थ होते. आपल्याकडे येणारी निम्मी घरं आपण नावानिशी ओळखतो हे ते कौतुकाने सांगत होते. भिंतीवर कल्याणचा खराखुरा डेटा मोठा करून लावला होता. लीडने मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले की चौकट आत्ता सुरू करू नये. जुन्या नावाची जोडणी आतल्या आत व्हावी, नाव फक्त डॉक्टरांना दिसावं, आणि त्यासाठी मला काही आठवडे हवेत.

"का हो?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"एखाद्या बाईला आधीचं नाव सांगायचं नसेल."

"माहेरचं नाव सांगायला कोणाला लाज वाटेल?"

"दर वेळी माहेरचंच असतं असं नाही," मी म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर घाबरले.

ते पुढे सरकून बसले. "असं झालंय का काही आमच्याकडे? एखादी केस असेल तर दाखवा की, आत्ताच बघू." त्यांच्या स्वरात वाईट काही नव्हतं. त्यांना खरोखर बघायचं होतं. दोन जुनी नावं असलेल्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या असणार, आणि त्या भिंतीवर आणायला क्षणभर पुरला असता. मी फक्त 'हो, झालंय' म्हणायचा अवकाश होता. ते म्हटलं असतं तर मीच शहाणी ठरले असते, कारण एवढी बारीक गोष्ट लक्षात आणून देणाऱ्या बाईला कोण घरी पाठवतं? लीड माझ्याकडे अपेक्षेने बघत होता.

"नाही, केस नाही," मी म्हणाले. "खरं सांगायचं तर माझंच काम नीट झालेलं नाही. चौकटीत चुकीची नावं येतायत. कल्याणला माझ्यासमोर भलत्याच कोणाचं नाव आलं. मला ते दुरुस्त करायला वेळ हवा."

"मग असं स्पष्ट सांगा ना, मॅडम," व्यवस्थापक म्हणाले आणि मागे टेकून बसले. पेशंटच्या बाबतीत चूक नको म्हणून चौकट तिथल्या तिथे बंद करायला सांगितली. मला तेच हवं होतं. लीडने मान खाली घालून लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं. ते माझ्याबद्दल असावं.

योजनेतून माझ्याबरोबर दुसऱ्या टीममध्ये घेतलेल्या बाकीच्या बायका कायम झाल्या. मला आणखी तीन महिने मुदत मिळाली. रिपोर्टात लिहिलं होतं की कल्पना चांगल्या आहेत, पण काम न तपासता पुढे आणतात. मला फार वाईट वाटलं. न तपासता काम पुढे आणणारी बाई मी नव्हे, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं. घरी येऊन मी ओटा घासला, मग शेगडी घासली, मग जे घासायची गरज नव्हती तेही घासलं. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "जाऊ दे गं. नोकरी म्हणजे सगळं नसतं." त्याला काहीच सांगितलं नाही, कारण त्याचे मामा कल्याणला राहतात.

दुसऱ्या दिवसापासून मी चौकट नव्याने लिहायला घेतली. जावात एखाद्या गोष्टीपुढे 'प्रायव्हेट' लिहिलं की ती त्या वस्तूच्या पोटात राहते. बाहेरच्याला ती थेट बघता येत नाही. विचारावं लागतं, आणि कोणाला किती उत्तर द्यायचं ते वस्तूच ठरवते. सगळी आधीची नावं मी तशी पोटात ठेवली. काउंटरने विचारलं तर पेशंटच्या नोंदीने एवढंच सांगायचं की जुने कागद आहेत. ते कोणत्या नावाने आहेत हे फक्त डॉक्टरांच्या खोलीत सांगायचं. हे लिहायला मला नव्या पद्धती कमी आणि जुनी जावाच जास्त लागली.

आमच्याकडे एकाने लिहिलेलं दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचल्याशिवाय पुढे जात नाही. माझं लीडने वाचलं. नंतर मला टपरीवर बोलावलं आणि चहा हातात देऊन म्हणाला, "ताई, मी जुनंपण काढून तपासलं. त्यात चूक नव्हतीच. एकही नाव चुकीचं आलेलं नाही."

"हो," मी म्हणाले.

"मग त्या दिवशी खोटं का बोललात? मी काय लिहिलं तुमच्याबद्दल, वाचलंत ना?"

"वाचलं."

"केस होती ना एखादी?"

"होती."

त्याने आपला कप बाकड्यावर ठेवला. मागे माजिवड्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. "मला सांगा. मी वर बोलतो, रिपोर्ट बदलून घेतो. ह्या महिन्यात कायम व्हाल. मी कोणाला सांगणार नाही, आईशप्पथ."

तो खरं बोलत होता याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. चांगला मुलगा आहे. पण वर बोलायला गेला की वरचे विचारणार, कुठली केस? मग तोही त्यांना सांगणार, की तुम्ही कोणाला सांगू नका.

"नाही रे," मी म्हणाले. "तसंच राहू दे."

तो चहा संपवून वर गेला आणि माझं लिहिलेलं एकही शब्द न बदलता त्याने पुढे पाठवलं. मुदत संपल्यावर मी कायम झालेही, पण त्या टपरीवर आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं.

नवा प्रोग्राम कल्याणला सुरू व्हायचा त्या सकाळी मी काउंटर उघडायच्या आधी पोचले. बाई अजून आल्या नव्हत्या. त्यांच्या खुर्चीत बसून मी सासूबरोबर आलेल्या त्या मुलीचं नाव घातलं. पडद्यावर ते एकच नाव आलं आणि खाली एक ओळ, की जुने कागद आहेत. मी जन्मतारखेने शोधून बघितलं, रक्तगटाने शोधलं, माहेरच्या आडनावाने शोधलं, मोबाइलने शोधलं. लिहिणारी मी होते, सगळ्या वाटा मला ठाऊक होत्या, त्या सगळ्या मी करून बघितल्या. दर वेळी तेच एक नाव येत राहिलं. मलासुद्धा प्रोग्रामने काही सांगितलं नाही.